फाशीची शिक्षा : जगाची वाटचाल आणि आपण

१ मे हा दिवस गिरणगावाला नवा नाही. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून हा जगभरच्या कामगारांचा दिवस आहे. लाल बावट्याला सलामी देताना शिकागोच्या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. पण हे हुतात्मे गोळीबारात पडलेले नव्हते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. रीतसर खटला भरून, ज्यूरी बसवून, अपील फेटाळून त्यांना कायद्याने फाशी दिली गेली.

१८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत मोठा संप झाला. ४ मे रोजी हेमार्केट चौकातील सभेच्या अखेरीस कुणीतरी बॉम्ब टाकला. पोलीस मेले, नागरिकही मेले. बॉम्ब टाकणारा हात कोणाचा, हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ चळवळ्यांना दोषी ठरविण्यात आले आणि त्यांपैकी सातांना देहान्ताची शिक्षा सांगण्यात आली. पुढे दोघांची शिक्षा जन्मठेपेवर आली, एकाने कोठडीतच जीव दिला आणि राहिलेल्या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर चढविण्यात आले. १८९३ साली इलिनॉय राज्याचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी सारे कागद तपासले. हा खटला न्यायाने चाललाच नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष झाला. तुरुंगात जिवंत असलेल्या तिघांना त्यांनी सोडून दिले. फाशी गेलेल्या चौघांसाठी मात्र त्यांना काहीही करता येण्याजोगे नव्हते.

आमच्या मते फाशीच्या शिक्षेचा सारा वाद या एका हिशेबात सामावलेला आहे. ही शिक्षा कमी करीत नेण्याचे आणि शेवटी बंद करण्याचे जे प्रयत्न जगात चालले आहेत, त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. त्या प्रयत्नांत आपली मुंबई, आपला महाराष्ट्र कोठे उभा आहे हेही पाहावयाचे आहे. आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना, कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळत असता जेवढा कायदा कानावर पडला आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतला, तेवढीच आमची पुंजी.

संघटनेच्या कामाने एक गोष्ट मात्र पक्की शिकविली. कोणतीही मोठी सुधारणा एका उडीत पदरात पडत नाही. गिरणीतील कामाच्या तासांचेच पाहा. प्रौढ पुरुषाच्या कामाला १९११ च्या कायद्याने पहिली मर्यादा घातली, ती बारा तासांची. १९२२ साली अकरा तास झाले, १९३४ च्या कायद्याने दहा, आणि १९४६ साली नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस. प्रत्येक पायरीला मालक म्हणत की आता धंदा बुडणार. फाशीच्या बाबतीतही जग असेच पायरीपायरीने चालले आहे. आधी गुन्ह्यांची यादी आखूड करावयाची, मग काही माणसांना त्यातून वगळावयाचे, मग अंमलबजावणी थांबवावयाची, आणि शेवटी कायद्यातूनच ती काढून टाकावयाची, असा हा क्रम आहे.

पहिली पायरी समजण्यासाठी इंग्लंडकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहान्ताची शिक्षा होती. मेंढी पळविली, दुकानातून माल उचलला, एवढेही पुरे होई. १८१२ साली तर यंत्रमोडीसाठी फाशी ठरविणारा कायदा झाला. विणकामाची नवी यंत्रे आल्यामुळे पोटावर पाय आलेले कारागीर रात्री जाऊन यंत्रे फोडीत, म्हणून हा उपाय. कवी बायरन याने उमरावांच्या सभेत या कायद्याविरुद्ध भाषण केले, पण कायदा झालाच. साच्यावर उभे राहून ज्यांनी जन्म काढला, त्यांच्या मुलानातवंडांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते : एके काळी साच्याची किंमत माणसाच्या मानेइतकी होती.

या कडक कायद्यांचा परिणाम काय झाला? ज्यूरीतील माणसेच खोटे बोलू लागली. चोरीच्या मालाची किंमत ते मुद्दाम कमी ठरवीत, म्हणजे आरोपीचा जीव वाचे. शिक्षा इतकी भयंकर की ती द्यायला हात धजेना, आणि म्हणून गुन्हेगार सुटू लागले. इटलीतील बेक्कारिया याने १७६४ सालीच लिहून ठेवले होते की गुन्हा रोखण्याचे काम शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या खात्रीने अधिक होते. त्याचा अनुभव इंग्रजांना घरीच आला, आणि १८६१ पर्यंत ती लांबलचक यादी खून, राजद्रोह अशा मोजक्या गुन्ह्यांवर आली.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चालले होते? १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, आज ज्याला आझाद मैदान म्हणतात तेथे, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघा शिपायांना जमावासमोर तोफेच्या तोंडी दिले गेले. पुढे १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंडसंहिता केली आणि तीत फाशी ठेवली. खुद्द ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी देणे १९६५ साली थांबले. त्यामागे एका खटल्याचा मोठा वाटा होता. टिमोथी इव्हान्स या मोटारचालकाला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० साली फाशी दिली. तीन वर्षांनी उघडकीस आले की त्याच इमारतीत राहणारा, आणि इव्हान्सच्या विरुद्ध साक्ष देणारा क्रिस्टी हाच अनेक स्त्रियांचा मारेकरी होता. १९६६ साली इव्हान्सला माफी जाहीर झाली. ती घेण्यास तो नव्हता.

फाशी पूर्णपणे बंद करण्याचा मान युरोपातील बड्या राष्ट्रांकडे जात नाही. व्हेनेझुएलाने १८६३ सालीच सर्व गुन्ह्यांसाठी ती काढून टाकली. पोर्तुगालने १८६७ साली नागरी गुन्ह्यांपुरती ती रद्द केली आणि १८७० साली हा नियम आपल्या सागरापलीकडील मुलखालाही लावला. म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यात सामान्य गुन्ह्यासाठी फाशी नव्हती. पोर्तुगीज राजवट काही प्रेमळ नव्हती. स्वातंत्र्यसैनिकांचे तिने जे हाल केले ते आपल्याला ठाऊक आहेत. पण कायद्यातील ही गोष्ट खरी आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढे भारतीय दंडसंहितेबरोबर तेथे फाशी परत आली. त्रावणकोर संस्थानातही असेच घडले. तेथे १९४४ साली फाशी रद्द झाली होती. संस्थान भारतात विलीन झाल्यावर ती पुन्हा लागू झाली.

मग स्वातंत्र्याच्या चळवळीला या प्रश्नाची जाणीव नव्हती काय? होती, आणि चांगली होती. १९३१ साल आठवावे. १२ जानेवारीला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली गेली. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूरच्या गिरण्या थांबल्या, गोळीबार झाला, शहर काही दिवस सरकारच्या हातातून गेले आणि मग लष्करी कायदा आला. त्या धामधुमीतील पोलिसांच्या हत्येचा ठपका या चौघांवर ठेवण्यात आला होता. २३ मार्चला लाहोरात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फाशी गेले. त्याच आठवड्यात कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मूलभूत हक्कांचा ठराव झाला. ऑगस्टमध्ये महासमितीची बैठक येथे मुंबईत भरली, तीत त्या ठरावाला सुधारित रूप मिळाले. कामगाराला जगण्यापुरते वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, संघटनेचा हक्क ही कलमे त्यात आहेत. आणि त्याच यादीत, देशात देहान्ताची शिक्षा राहणार नाही, असेही एक कलम आहे. वेतनाचे कलम आम्ही संघटनावाल्यांनी घोकून ठेवले. शेजारचे हे कलम मात्र सगळ्यांच्याच विस्मरणात गेले.

घटना समितीत या कलमाची आठवण जागी ठेवली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. परळच्या बी. आय. टी. चाळीत कित्येक वर्षे राहिलेला आणि पुढे दादरला राजगृह बांधणारा हा माणूस ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर बोलत होता. फाशीच्या प्रत्येक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा की नाही, हा वाद चालला होता. बाबासाहेबांनी मत दिले की त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे. अहिंसा लोकांच्या आचरणात नेहमी नसली तरी या देशाने ती तत्त्व म्हणून मानली आहे, तेव्हा शक्य तितक्या लवकर फाशी रद्द करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाही.

आता जगाच्या करारांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात जगण्याचा हक्क सांगितला, फाशीचा उल्लेख केला नाही. १९६६ साली नागरी व राजकीय हक्कांचा करारनामा झाला. त्याच्या सहाव्या कलमात दुसरी पायरी स्पष्ट दिसते. जेथे फाशी आहे तेथे ती केवळ अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी असावी. अठरा वर्षांखालील मुलाला ती देऊ नये. गरोदर स्त्रीच्या बाबतीत ती अमलात आणू नये. प्रत्येकाला दयेचा अर्ज करता यावा. शिवाय फाशी रद्द करण्याच्या आड हे कलम कोणी पुढे करू नये, असेही त्यातच लिहिले आहे. संघटनेचा करार ज्याने वाचला आहे त्याला ही भाषा ओळखीची वाटेल : आज एवढे मान्य करा, उद्याची वाट मोकळी ठेवा. भारत १९७९ साली या करारनाम्यात सामील झाला.

१९८९ साली पुढचा पुरवणी करार झाला. त्यावर सही करणारे राष्ट्र आपल्याकडील फाशी बंद करण्याचे बंधन पत्करते. आमसभेत त्याच्या बाजूने ५९ मते पडली, विरुद्ध २६, आणि ४८ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. ज्यांची एवढी तयारी नाही त्यांच्यासाठी तिसरी पायरी निघाली : कायदा राहू द्या, पण अंमलबजावणी थांबवा. २००७ च्या डिसेंबरात आमसभेने असे आवाहन करणारा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी केला. २०२४ साली त्याच आशयाच्या ठरावाला १३० मते मिळाली आणि विरोधात ३२ उरली. शिक्षा कोणती ठेवावी हा प्रत्येक राष्ट्राचा स्वतःचा अधिकार आहे, असे सांगून भारताने या ठरावांना विरोध केला आहे.

हा बदल किती मोठा आहे ते ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या मोजणीवरून कळते. १९७७ साली सर्व गुन्ह्यांसाठी फाशी बंद केलेले देश १६ होते. २०२४ अखेर ते ११३ झाले. कायद्याने वा प्रत्यक्ष व्यवहारात फाशी सोडलेल्या देशांची संख्या १४५ झाली. आपल्या शेजारच्या नेपाळने आणि भूतानने ती काढून टाकली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९५ साली ती घटनाबाह्य ठरविली, आणि त्या निकालपत्रात आपल्या बच्चनसिंग खटल्याचीही चर्चा आहे. ज्या इलिनॉय राज्यात शिकागोचे चौघे फाशी गेले, त्या राज्यानेही २०११ साली फाशी रद्द केली.

आपल्या देशात काहीच झाले नाही, असे मात्र नव्हे. पूर्वी आपल्याकडे खुनाला फाशी हाच नियम होता, आणि जन्मठेप दिली तर न्यायाधीशाला तिचे कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने नियम उलटा केला : जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर तिला खास कारण हवे. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेत बसते असे ठरविले, पण ती विरळात विरळ प्रकरणापुरती ठेवली. भिन्न मत देणारे न्यायमूर्ती होते पी. एन. भगवती. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने जन्मठेपीच्या कैद्याने खून केल्यास सक्तीने फाशी सांगणारे कलम रद्द झाले. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्यातील सक्तीच्या फाशीबद्दल तोच न्याय लावला. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सर्वांसाठी फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. काही सदस्यांचे मत वेगळे होते. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे जन्माने सोलापूरचे. सरकारने मात्र वाट वेगळी धरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशीच्या गुन्ह्यांची यादी वाढली आहे.

आता व्यवहाराचा प्रश्न पाहू. फासापर्यंत पोचतो कोण? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ साली अहवाल काढला. त्यातील सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. आपल्याकडे न्यायाचे नाव काढले की रामशास्त्र्यांचे स्मरण होते. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादाला, गादीवर बसू पाहणाऱ्या माणसाला. आज तुरुंगातील फाशीच्या कोठड्यांत राघोबादादा सापडत नाहीत. तेथे आढळतो तो वकिलाची फी देऊ न शकणारा, कागदावरील इंग्रजी न कळणारा माणूस.

महाराष्ट्रातीलच एक खटला घ्या. २००३ सालच्या एका भीषण हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना पकडण्यात आले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. त्यांची सोळा वर्षे गेली होती. त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. दोन्ही निकाल देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाचे आहेत. मधल्या दहा वर्षांत फाशी उरकली असती, तर दुसरा निकाल कोणासाठी दिला गेला असता?

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या लोकल गाड्यांचे आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्ब फुटले आणि १८९ माणसे मेली. कामावरून घरी निघालेलीच ती माणसे. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सांगितली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष साफ अपयशी ठरला, असे म्हणून बाराही जणांची शिक्षा रद्द केली. फाशीच्या पाचांपैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार अपिलात गेले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना तुरुंगात परत पाठविले नाही. अपिलात पुढे काहीही ठरो, आमचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. हा वाद पुन्हा न्यायालयापुढे नेता आला, तो आरोपी जिवंत होते म्हणून. आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे काय? एकोणीस वर्षे ज्या शिक्षेकडे डोळे लावून ते बसले, तिने त्यांना उत्तर दिले नाही. त्यांना खऱ्या गुन्हेगाराचा बारकाईने केलेला तपास हवा होता. तपास कच्चा असेल तर फाशीचा दोर कितीही मजबूत असून काय उपयोग?

येथे विरोधी पक्षाची बाजू मांडली पाहिजे. लोक विचारतात, तुमच्या मुलीवर असा प्रसंग आला तर? प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणाऱ्याची चेष्टा करणे हलकटपणाचे होईल. २०१३ साली महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. सारे शहर हादरले. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत दादरचे प्लाझा थिएटर होते. त्या दिवसाच्या जखमा अजून कित्येक घरांत आहेत. संताप माणुसकीचाच एक भाग आहे. पण शिक्षा ठरविणे हे संतापाचे काम नव्हे. शक्ती मिल खटल्यातील तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द करून त्यांना मरेपर्यंत कैद दिली, तीही पॅरोल वा फर्लोच्या सवलतीशिवाय. म्हणजे फाशी नाही तर गुन्हेगार मोकाट, हा समज बरोबर नाही. आणि त्या प्रकरणात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला : गिरणी बंद झाल्यावर ते आवार इतकी वर्षे दिव्याविना, रखवालदाराविना कोणी टाकून ठेवले? फाशीची मागणी करायला पैसा लागत नाही. दिवा, रखवाली, पोलीस ठाण्यात पुरेशी माणसे, वेळेत चालणारे खटले यांना लागतो.

दुसरा आक्षेप दहशतीचा. फाशीच्या भीतीने खून टळतात, असे म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा त्यावरून फाशीने खून कमी होतात की वाढतात हे सांगता येत नाही, असाच निर्णय दिला. आपल्या विधी आयोगालाही २०१५ साली फाशीचा जन्मठेपेहून अधिक धाक असल्याचा पुरावा आढळला नाही. जो लाभ सिद्ध करता येत नाही, त्यासाठी जी हानी कधीही भरून निघत नाही ती पत्करावी काय, एवढाच हिशेब आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. उद्याच्या उद्या सर्व काही बदलेल, या भ्रमात आम्ही नाही. पण पुढची पायरी स्पष्ट दिसते आहे. फाशीच्या गुन्ह्यांची यादी वाढविणे थांबवावे. फाशी होऊ शकेल अशा प्रत्येक खटल्यात आरोपीला पहिल्या दिवसापासून अनुभवी वकील सरकारी खर्चाने मिळावा. विधी आयोगाच्या शिफारशीवर संसदेत उघड चर्चा व्हावी, आणि ती होईपर्यंत फासाचा खटका ओढू नये. २०२४ अखेर आपल्या देशात फाशीची शिक्षा झालेले ५६४ कैदी होते. त्यांतील कोणाच्या बाबतीत पुढे चूक उघडकीला येईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. अपराध्याला कोंडून ठेवण्याचा समाजाला अधिकार आहे, आणि तो त्याने जरूर वापरावा. पण कोठडीचे कुलूप उघडता येते, म्हणूनच ते न्यायाच्या हाती शोभते. १९३१ साली जगण्यापुरत्या वेतनाबरोबर एकाच कागदावर मुंबईत जे कलम मंजूर झाले, ते अजून पुरे व्हावयाचे आहे. आणि ज्या वस्तीने आपले तास एकेक करून कमी करून घेतले, त्या वस्तीला ही मागणीही चिकाटीने लावून धरता येईल.